घरात चार-पाच शाळकरी मुलं आणि शाळेचा पहिला दिवस

एका मुलाला तयार व्हायला पाऊण तास लागतो म्हणून पाच मुलांना पावणेचार तास लागत नाहीत. पण सगळ्यांना एकदम उठवलं म्हणून पाऊण तासात उरकतही नाही. किती वेळ लागणार हे ठरतं घरातल्या सगळ्यांत अरुंद जागेवर, जिथे एका वेळी एकालाच वाव असतो. बहुतेक घरांत ती जागा म्हणजे बाथरूम. काही घरांत आरसा, काही घरांत दाराजवळची बूट घालायची दोन फूट जागा. पुष्कळ घरांत तर ती जागा नसून एक माणूस असतं, ज्याला पाचही जण एकाच मिनिटाला हाक मारतात.

मुलं रेंगाळतात म्हणून उशीर होतो, असं आपण सहज म्हणून टाकतो. नीट पाहिलं तर त्यातली निम्मी कुणाची तरी वाट पाहत उभी असतात. म्हणून या लेखातली जवळपास प्रत्येक सूचना एकाच दिशेनं जाते: ती अरुंद जागा शोधा आणि जे काम तिथून हलवता येईल ते आदल्या रात्रीकडे, दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या माणसाकडे सरकवा.

घरात पहिल्यांदाच दोनापेक्षा जास्त मुलं एका दिवशी शाळेत जाणार असतील, चुलत-मावस भावंडं एका छताखाली राहायला आली असतील किंवा दोन कुटुंबांचं नव्यानं एक घर झालं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

दोन आठवडे आधी: झोप

सुट्टीत झोप पुढे सरकलेली असते. ती एका रात्रीत मागे येत नाही, ओढून आणायचा प्रयत्न केला तर मूल अंधारात टक्क जागं पडून राहतं. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, हा वेग बहुतेक मुलांना झेपतो. दीड तास मागे यायचं असेल तर या हिशेबानं बारा दिवस लागतात, म्हणून सुरुवात दोन आठवडे आधी. आधी उठण्याची वेळ बदला, झोपण्याची वेळ तिच्यामागे आपसूक येते. उठल्यावर लगेच पडदे उघडा किंवा मुलांना बाहेर उजेडात न्या, कारण सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ अलीकडे येतं.

किती झोप हवी याचे आकडे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ मध्ये दिले आहेत: ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. मोठ्या घरात याचा अर्थ असा की ‘सगळ्यांनी नऊला झोपायचं’ हा नियम सोयीचा असला तरी प्रत्येकाला लागू पडत नाही. धाकट्यांना आधी झोपवा. किशोरवयीन मुलाला रात्री लवकर झोप येत नाही तेव्हा तो हट्ट करत असतो असं धरून चालू नका. वयात येताना शरीराची झोपेची वेळच पुढे सरकते. त्याच्या बाबतीत फोन आणि दिवे लवकर बंद करणं आणि सकाळचा उजेड या दोन गोष्टी ओरडण्यापेक्षा जास्त कामाला येतात.

आठवडाभर आधी: कपडे, बूट, कागद

प्रत्येक मुलाला संपूर्ण गणवेश अंगावर घालून उभं करा. हातात धरून मापाचा अंदाज घेऊ नका. बसायला सांगा, हात वर करायला सांगा, धावायला सांगा. कंबर काचते का, बटण तुटलंय का, चेन अडकते का, हे तेव्हाच कळतं. एकाचं लहान झालेलं दुसऱ्याला द्यायचं असेल तर सगळ्यांचे कपडे एकाच दिवशी काढा, थोरल्यापासून सुरुवात करा आणि खाली उतरत जा. काय विकत घ्यायचं याची यादी त्यानंतर करा, आधी नको.

बूट मात्र असे खाली उतरवताना विचार करा. वापरलेल्या बुटाचा तळ पहिल्या मुलाच्या चालीप्रमाणे झिजलेला असतो. टाच एका बाजूला झिजली असेल तर तो बूट दुसऱ्या पायाला देऊ नये. नवे बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आणि घरात तीन-चार दिवस घालू द्या, म्हणजे पहिल्याच दिवशी टाचेला फोड येणार नाही.

वस्तूंवर नाव घालताना मी आडनाव घालायला सांगेन, कारण तीच वस्तू दोन वर्षांनी धाकट्याकडे जाणार असते. नाव आतल्या बाजूला असावं. दप्तराच्या बाहेर ठळक अक्षरांत मुलाचं नाव लिहिलं की कुणीही अनोळखी माणूस त्याला नावानं हाक मारू शकतो. घरात ओळखायला प्रत्येक मुलाला एक रंग ठरवून द्या: बाटलीला, डब्याला, दप्तराच्या चेनला त्या रंगाची दोरी. वाचता न येणारं शेंडेफळसुद्धा स्वतःची बाटली बरोबर उचलतं.

कागदांसाठी प्रत्येकाची वेगळी फाइल आणि सगळ्या फायली एकाच जागी. औषधं, ॲलर्जी, घ्यायला कोण येणार, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा, ही माहिती प्रत्येक फॉर्ममध्ये पुन्हा मागतात. ती एका कागदावर एकदाच नीट लिहून ठेवा आणि त्यावरून उतरवा. एखाद्या मुलाला ॲलर्जी असेल तर फक्त फॉर्मवर विसंबू नका, वर्गशिक्षकांशी समोरासमोर बोला.

उलटा हिशेब

आता एक कागद आणि घड्याळ घ्या. हा अर्धा तास सगळ्या तयारीत सगळ्यांत मोलाचा आहे.

समजा घंटा ८:०० ची. फाटकाशी ७:५० ला पोचायचं, वाट वीस मिनिटांची, म्हणजे घर ७:३० ला सोडायचं. बूट, दप्तरं, ‘माझी बाटली कुठंय’ यासाठी दहा मिनिटं, म्हणजे ७:२० ला सगळ्यांचं खाणं आटोपलेलं हवं. खायला वीस मिनिटं, म्हणजे ७:०० ला सगळे कपडे घालून बसलेले. कपड्यांना दहा मिनिटं, म्हणजे शेवटचं मूल ६:५० ला बाथरूममधून बाहेर. पाच मुलं, प्रत्येकी बारा मिनिटं, झाला एक तास. याचा अर्थ पहिलं मूल ५:५० ला आत गेलं पाहिजे.

त्या वेळेनं दचकू नका, बारा मिनिटांत काय काय होतं ते पाहा. दात घासणं, केस विंचरणं, कपडे बदलणं, आरशात पाहणं. यातलं कुठलंच काम बाथरूममध्येच व्हायला हवं असं नाही. दात दुसऱ्या नळावर घासा, आरसा बाहेरच्या भिंतीवर लावा, कपडे खोलीत बदला. बारा मिनिटांची सहा होतात आणि पहिल्या मुलाची वेळ ५:५० वरून ६:२० वर येते. दोघांनी आदल्या रात्री आंघोळ करून घेतली आणि सकाळी त्यांना तीनच मिनिटं लागली, तर ६:२६. त्यातली दहा मिनिटं राखीव ठेवा. तरी सव्वासहा झाले. एकही जण घाईनं पळाला नाही आणि पंचवीस मिनिटांची झोप परत मिळाली.

दहा मिनिटं राखीव का, तर आपण सगळेच आपल्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याच प्रवृत्तीवर लिहिलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणजे अंदाज न करता मागच्या वेळी प्रत्यक्षात किती लागला ते पाहणं. म्हणून वरचे आकडे माझे घेऊ नका. दोन-तीन सकाळी प्रत्येक मुलाला न सांगता घड्याळ लावा आणि आलेला खरा आकडा कागदावर मांडा. ‘ही पाच मिनिटांत येते’ असं जिच्याबद्दल सगळे सांगतात तिची पाच मिनिटं बहुधा अकरा निघतात.

रांग कशी लावायची

आधी कोण, मग कोण, यावर मोठ्या घरात रोज भांडण होतं. त्याचा निकाल मोठ्या आवाजानं लागू नये. कारखान्यातल्या कामांचा क्रम लावण्यासाठी जे. आर. जॅक्सन यांनी १९५५ मध्ये मांडलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी घ्या, म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त उशीर होतो त्याचा उशीरही कमीत कमी राहतो.

मुदत म्हणजे घर सोडायची वेळ नव्हे, बाथरूममधून सुटायची वेळ. जिचे लांब केस वाळवून वेण्या घालायच्या आहेत तिला नंतर वीस मिनिटं लागतात, म्हणून तिची मुदत आधी. ज्या धाकट्याला मोजे कुणीतरी चढवावे लागतात त्याचीही आधी. ज्याचे केस आखूड आणि जो दोन मिनिटांत कपडे घालून येतो, तो खुशाल शेवटी जाऊ दे. शाळा वेगवेगळ्या वेळी भरत असतील तर लवकर निघणारा अर्थातच पुढे.

दोघांची मुदत सारखी असेल तर ज्याचं काम छोटं त्याला आधी सोडा. तीन मुलं, २०, १० आणि ५ मिनिटं घेणारी. मोठ्यापासून सुरू केलं तर दुसरं वीस मिनिटं थांबतं, तिसरं तीस, एकूण पन्नास मिनिटांचं थांबणं. छोट्यापासून सुरू केलं तर दुसरं पाच, तिसरं पंधरा, एकूण वीस. काम तेवढंच, नळ तोच, फक्त क्रम बदलला.

हा क्रम कागदावर लिहून बाथरूमच्या दाराला चिकटवा. आणि मुलांना याच क्रमानं उठवा, सगळ्यांना एकदम नको. पाचव्या नंबरच्या मुलाला पहिल्याबरोबर उठवलं तर ते पंधरा-वीस मिनिटं दारात उभं राहून कुरकुरणार, आणि त्या कुरकुरीत तुमची पंधरा मिनिटं जाणार.

दोन दिवस आधी: रंगीत तालीम

एकदा पूर्ण सकाळ करून पाहा: गजर, रांग, खाणं, बूट, दाराबाहेर पाऊल. शक्य असेल तर त्याच वेळी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन या, कारण त्या वेळची वर्दळ दुपारी कळत नाही. तालमीत गोंधळ झाला तर चांगलंच झालं, कागद दुरुस्त करायला अजून एक दिवस आहे.

आदली संध्याकाळ

दप्तरं भरून दाराजवळ, प्रत्येकाच्या रंगाच्या खुंटीखाली. बुटात मोजे घालून ठेवा. गणवेश आतल्या कपड्यांसकट एका हँगरवर, म्हणजे सकाळी कपाट उघडायचंच नाही. पाच मुलं एका कपाटासमोर ही आणखी एक रांग आहे, ती आदल्या रात्रीच मोडते.

दप्तराचं वजन करा. मूल एकदा दप्तर घेऊन आणि एकदा दप्तराशिवाय काट्यावर उभं राहिलं की फरक कळतो. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहिलं तर उत्तम, म्हणजे २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो. शाळेत पाणी भरून घेता येत असेल तर अर्ध्या लिटरची बाटली द्या, पाठीवरचा अर्धा किलो तिथल्या तिथे उतरला.

डब्यात काय द्यायचं ते तुमच्या घरावर सोडते, दोनच गोष्टी सांगते. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि डबा उघडतो तो बहुतेकदा त्याहून उशिरा. म्हणून थंड ठेवणारी पिशवी तरी द्या, नाहीतर कोरडं आणि टिकणारं द्या. दुसरं, झाकण मुलाला स्वतःला उघडता आलं पाहिजे. पहिलीतल्या मुलाला घरी चार वेळा उघडायला लावा. घट्ट झाकणामुळे मूल उपाशी राहतं आणि नव्या बाईंना सांगायला लाजतं, हे आपल्याला संध्याकाळी भरलेला डबा पाहून कळतं.

झोपण्यापूर्वी मोठ्यांनी आपापसांत कामं वाटून घ्या. ‘सगळे मिळून बघू’ असं ठरलं की कुणीच बघत नाही. आजी केस, बाबा खाणं, काका दार आणि बूट, असं नावानिशी ठरवा. दारावरच्या माणसाचं काम एकच: बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं दप्तर, डबा, बाटली बोट लावून पाहणं. आणि एक मोठं माणूस पूर्ण मोकळं ठेवता आलं तर जरूर ठेवा. सांडलेलं पाणी, तुटलेली नाडी, अचानक रडू, हे सगळं त्याच्याकडे.

थोरल्या मुलीबद्दल, आणि मधल्याबद्दलही

मोठ्या कुटुंबात थोरली मुलगी किंवा मुलगा आपोआप तिसरा पालक बनतो. धाकट्याचे बूट तिनं घालावेत, त्याला वर्गापर्यंत तिनं पोचवावं, तो रडला तर तिनं समजवावं. पहिल्या दिवशी हे करू नका, असा माझा कळकळीचा आग्रह आहे. तिचाही तो पहिला दिवस असतो. नवा वर्ग, नवे शिक्षक, कदाचित जवळची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेलेली. तिची स्वतःची धडधड असते आणि ती सांगत नाही, कारण घरात सगळे धाकट्याकडे पाहत असतात. तिला काम द्यायचंच असेल तर ते छोटं आणि संपणारं असू द्या: खाली उतरताना धाकट्याचा हात धरणं, बस्स.

मधल्या मुलाचा धोका वेगळा. ते स्वतःचं स्वतः आवरतं, त्रास देत नाही, म्हणून त्याच्याशी सकाळभर कुणी बोलतच नाही. खाताना त्याच्याशेजारी मुद्दाम बसा. ‘आज कुणाशेजारी बसायचा विचार आहे तुझा?’ एवढा एक प्रश्न पुरे.

सकाळ

कागदाप्रमाणे चला. मोठ्यांनी पहिल्या मुलाच्या अर्धा तास आधी उठून स्वतःचं सगळं उरकलेलं असावं, नाहीतर त्या अरुंद रांगेत सहावा-सातवा माणूस वाढतो. टीव्ही आणि फोन बंद. सूचना लांबून ओरडून देऊ नका. पाच मुलांच्या घरात लांबून दिलेली सूचना प्रत्येकाला दुसऱ्यासाठी आहे असं वाटतं. जवळ जा, नाव घ्या, एकच काम सांगा.

आधी कपडे की आधी खाणं? लहान मुलांना आधी खाऊ घाला किंवा गणवेशावर जुना शर्ट चढवा. मोठ्यांचे कपडे आधी. फोटो काढायचा असेल तर त्याला वेळापत्रकात पाच मिनिटं द्या, नाहीतर राखीव दहा मिनिटं त्यातच जातात.

काही बिघडलंच, तर काय सोडायचं हे आधी ठरलेलं असावं. केस साधे बांधले तरी चालतात. अंथरुणं पसरलेली राहिली तरी चालतात. खाणं आणि शांतपणा मात्र सोडू नका, रडवेलं मूल शाळेत पोचलं तर वेळेवर पोचण्याला फारसा अर्थ उरत नाही.

फाटकाशी

वेगवेगळ्या शाळा किंवा वेगवेगळी फाटकं असतील तर कुणाला आधी सोडायचं? ज्याला निरोप घ्यायला सगळ्यांत जास्त वेळ लागणार त्याला शेवटी ठेवा, अर्थात घंटेची वेळ परवानगी देत असेल तर. मागे कुणी खोळंबलेलं नसलं की तुमचा जीवही शांत राहतो.

धाकट्याचा निरोप छोटा आणि ठाम ठेवा. मिठी, ‘खाणं झालं, गोष्ट झाली, की मी इथेच येणार आहे,’ आणि निघा. ‘एक वाजता’ म्हणण्यापेक्षा दिवसातल्या घटना सांगा, त्या मुलाला समजतात. तो खेळण्यात गुंगला म्हणून न सांगता गुपचूप सटकू नका. दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांनी तुम्हाला सोडणारच नाही. आणि रडू ऐकून परत फिरू नका, बहुतेक मुलं माणूस नजरेआड झाल्यावर थोड्याच वेळात सावरतात.

परतीची वेळ

सगळी तयारी सकाळची होते आणि परतीकडे दुर्लक्ष होतं. पहिल्या दिवशी काही वर्ग लवकर सुटतात, लहान वर्ग तर हमखास. प्रत्येक मुलाचं नाव, सुटण्याची वेळ, फाटक आणि घ्यायला जाणारं माणूस, असा तक्ता घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये हवा. मुलांनाही सांगून ठेवा की ठरलेलं माणूस दिसलं नाही तर जागा सोडायची नाही, शिक्षकांजवळ थांबायचं. ओळखीचं पण न ठरलेलं कुणी घ्यायला आलं तर विचारायला घरातला एक परवलीचा शब्द ठरवा.

घरी आल्यावर चिडचिड होईल, दारातच रडू फुटेल, क्षुल्लक कारणावरून दोघं भिडतील. दिवसभर नव्या जागी शहाण्यासारखं वागून मूल थकलेलं असतं आणि घर ही सैल सुटायची जागा असते. आधी हात धुणं, मग खाणं, मग थोडा वेळ कुणी काही विचारायचं नाही. ‘कसा गेला दिवस?’ याला पाचही जण ‘बरा’ म्हणतील. त्यापेक्षा रात्रीपर्यंत प्रत्येकाला पाच मिनिटं एकेकटं गाठा, भांडी आवरताना, अंथरूण घालताना. भावंडांसमोर जे निघत नाही ते तिथे निघतं.

सगळे झोपले की सकाळचा कागद पुन्हा काढा. कुठे खोळंबा झाला तेवढंच पाहा आणि एकच गोष्ट बदला. चार बदल एकदम केले तर कोणता उपयोगी पडला ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी सहसा वेगळीच जागा अरुंद निघते: बाथरूम सुरळीत झालं की बूट अडतात, बूट सुटले की वह्यांवर सही राहिलेली असते. पहिले दोन आठवडे रोज रात्री हे करा, आणि रांगेचा क्रम बदलला तर दारावरचा जुना कागद काढून नवा लावा, नाहीतर सकाळी सहा वाजता दोन कागदांवरून वाद सुरू होतो.